कंगवा, कोयता आणि कातळ

१. थंडीतला प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरची हवा गार आणि कोरडी झाली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. रात्री दिवा मालवून स्वेटर डोक्यावरून काढला की चटचट आवाज येतो, बारीक निळसर ठिणग्याही दिसतात. ही वीज आली कुठून? स्वेटर काही कुठल्या प्लगला जोडलेला नव्हता. आणि तोच स्वेटर जुलैच्या झडीत घातला तर तो गप्प का राहतो?

यापाठोपाठ शाळकरी मुलं आणखी एक प्रश्न विचारतात. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, लोहचुंबक टाचण्या ओढतो. मग दोघांची ओढ एकच का?

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा खोल आहे. इंग्लंडमधल्या विल्यम गिल्बर्ट या वैद्याने १६०० साली लोहचुंबकावर ग्रंथ लिहिला आणि त्यात ‘नाही, या दोन ओढी वेगळ्या आहेत’ असं प्रयोगांनिशी दाखवलं. पुढे १८२० साली या ‘नाही’ला एक मोठी पुरवणी जोडली गेली. आधी ते ‘नाही’ नीट समजून घेऊ, मग पुरवणीकडे येऊ. पुरवणी आधी सांगितली की दोन्ही गोष्टींचा घोळ होतो, असं शाळेच्या पुस्तकांत पुष्कळदा झालेलं दिसतं.

२. इकडचा भार तिकडे

प्रत्येक पदार्थ अणूंचा. अणूच्या गाभ्यात धन भार असतो, बाहेर ऋण भाराचे इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही भार सारखे, म्हणून एरवी कंगवा, केस, कागद सगळं विजेच्या दृष्टीने उदासीन असतं. गाभा जागचा हलत नाही. कडेचे इलेक्ट्रॉन मात्र काही पदार्थांत ढिले असतात, तर काही पदार्थ ते घट्ट धरून ठेवतात.

असे दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटले की ढिल्या हाताच्या पदार्थाकडून थोडे इलेक्ट्रॉन घट्ट हाताच्या पदार्थाकडे जातात. केस देतात, प्लॅस्टिकचा कंगवा घेतो. कंगवा ऋण होतो, केस धन होतात. धन केस एकमेकांना दूर लोटतात, म्हणून विंचरल्यावर ते पिंजारून उभे राहतात. घासल्याने वीज ‘तयार होते’ असं आपण म्हणतो खरं, पण नवं काहीच तयार होत नाही. घासण्याने फक्त जास्त ठिकाणी स्पर्श होतो. कंगव्याला जेवढा ऋण भार मिळाला, तेवढाच धन भार केसांत उघडा पडला. एकूण हिशेब शून्यच राहतो.

पण कागदाचा कपटा तर उदासीन आहे. तो का ओढला जातो? ऋण कंगवा जवळ आला की कपट्यातले इलेक्ट्रॉन किंचित मागे सरकतात. कपट्याची कंगव्याकडची बाजू जराशी धन होते, पलीकडची जराशी ऋण. जवळच्या बाजूची ओढ जास्त, लांबच्या बाजूचा रेटा कमी, म्हणून कपटा उडी घेतो. काही कपटे कंगव्याला चिकटून क्षणभरातच उलटे उडतात, तेही पाहण्यासारखं आहे. चिकटल्यावर कंगव्याचा थोडा ऋण भार त्यांना मिळतो, आणि ऋणाला ऋण नको असतं.

अंतराचा नियम फ्रान्सच्या कूलॉम्बने १७८५ साली मोजून काढला. दोन भारित बिंदूंमधलं अंतर दुप्पट केलं तर बल चौथाई होतं, तिप्पट केलं तर नवव्या हिश्शावर येतं. कपट्याच्या बाबतीत घसरण याहूनही जलद असते, कारण तिथे जवळच्या आणि लांबच्या बाजूंतला फरकच काय तो कामाला येतो. म्हणून कंगवा चार बोटं लांब असेपर्यंत कपटे ढिम्म असतात आणि मग एकदम उसळतात.

३. इचलकरंजीचा धागा

पावसाळ्यात हे का होत नाही, याचं उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातच, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर नीट कळतं. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला. संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं त्यामागे पाठबळ होतं. त्या काळी धागा सुती होता. सूत हवेतली ओल पिऊन घेतं. प्रमाणित हवेत शंभर ग्रॅम कोरड्या सुतात साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाणी मुरलेलं धरतात. पॉलिएस्टरमध्ये तेच प्रमाण अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, ०.४ ग्रॅम.

हा आकडा फार बोलका आहे. पाण्याच्या त्या पातळ थरातून भार हळूहळू वाहून जातो. सुती धागा फणीला घासून भारित झालाच, तर तो भार टिकत नाही. पॉलिएस्टरवर मात्र भार जागच्या जागी अडकून पडतो. ताण्यात हजारो धागे शेजारी शेजारी असतात आणि एकेक धागा मागाच्या वहीतून नि फणीतून ओवलेला असतो. सगळे धागे त्याच धातूला घासून जातात, म्हणून सगळ्यांवर सारख्याच जातीचा भार चढतो. सारखे भार एकमेकांना लोटतात. मग धागे फुगतात, तंतू उभे राहतात, शेजारच्या धाग्यात अडकतात, तुटतात. उडता कचरा येऊन चिकटतो तो वेगळाच. कोरड्या हवेत हा त्रास वाढतो. त्यावरचे उपाय एकाच विचारातून आलेले आहेत: भाराला वाट करून द्या. हवेत पाण्याचा बारीक फवारा मारून दमटपणा राखायचा, धाग्याला खास तेल लावायचं, यंत्राला अर्थिंग द्यायचं, किंवा धाग्याजवळ अशी पट्टी बसवायची की जी हवेतच धन-ऋण भार सोडून धाग्यावरचा भार फेडून टाकते.

स्वेटरचंही तेच. जुलैत कोल्हापूरची हवा इतकी ओली असते की भार साठायच्या आत निसटून जातो.

४. तीन हजार व्होल्ट, तरी माणूस जिवंत

हवा सहसा वीज वाहून नेत नाही. पण दर मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्टांचा ताण पडला की तीही फाटते आणि ठिणगी उडते. म्हणजे मोटारीच्या दाराला हात लावण्याआधी बोट आणि पत्रा यांच्यात मिलिमीटरभर ठिणगी पडली, तर अंगावर तीन-चार हजार व्होल्ट होते. घरातल्या सॉकेटमधले २३० व्होल्ट जीव घेतात आणि हे हजारो व्होल्ट नुसता चटका देतात, हे कसं?

व्होल्ट म्हणजे उंची आणि भार म्हणजे पाणी असं धरा. पन्हाळ्याच्या तटावरून पडलेला एक थेंब उंचावरून येतो, पण त्याने काही बिघडत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर येणाऱ्या पाण्याची उंची त्याहून कमी, तरी त्यापुढे उभं राहायची कुणाची छाती होत नाही. अंगावर साठलेला भार हा तो थेंब आहे. हिशेबच करायचा तर माणसाच्या अंगावर तीन हजार व्होल्टला जवळपास दोन लाख कोटी जादा इलेक्ट्रॉन मावतात. ऐकायला आकडा अफाट वाटतो, पण त्यातली सगळी ऊर्जा नऊ वॅटचा दिवा एका सेकंदात जेवढी वापरतो तिच्या वीस हजाराव्या भागाइतकीच आहे. सॉकेटमागे मात्र अख्खं वीजकेंद्र उभं असतं.

तरीही या थेंबाला एका ठिकाणी हलक्यात घेऊ नये. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण पेटायला याच्या निम्मी ऊर्जासुद्धा पुरते. नळीतून वाहणारं पेट्रोल नळीला घासून भार गोळा करतं. म्हणूनच टँकर रिकामा करण्याआधी त्याला अर्थिंगची वायर जोडतात. ती जोडेपर्यंत थांबणं हा कामातला वेळकाढूपणा नाही.

५. वळीव

एप्रिल-मेमध्ये दुपार तापते, पश्चिमेकडे ढग चढतात आणि संध्याकाळी वळीव कोसळतो. त्या ढगात स्वेटरचाच खेळ प्रचंड आकारात चाललेला असतो. ढगाच्या वरच्या गोठलेल्या भागात हलके हिमकण वर चढत असतात, गारांचे मऊ गोळे खाली येत असतात, आणि दोघांची टक्कर होते. टकरीत बहुधा गोळा ऋण होतो, हिमकण धन. वारा हिमकणांना माथ्यावर नेतो, गोळे खाली राहतात. ढगाचं पोट ऋण होतं, त्याखालची जमीन धन होते. ताण सोसेनासा झाला की हवा फाटते. त्या वाटेने साधारण तीस हजार अँपिअर प्रवाह सेकंदाच्या अगदी बारीक अंशात वाहतो आणि हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास पाचपट तापते. एकदम फुगलेल्या त्या हवेचा दणका म्हणजे गडगडाट.

आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर येतो. लखलखाट आणि गडगडाट यांत नऊ सेकंद गेले तर वीज तीन किलोमीटरवर पडली. हे अंतर सुरक्षित नाही. पुढची वीज डोक्यावर पडू शकते. गडगडाट ऐकू येतो म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, एवढं धरून चालावं. उसाच्या किंवा भुईमुगाच्या रानात काम करणाऱ्यांनी झाडाखाली न थांबता पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते शेतातल्या प्रत्येक फोनवर असायला हवं.

६. लोहचुंबकाची गोष्ट वेगळी

आता गिल्बर्टचं ‘नाही’. घासलेला कंगवा कागद ओढतो, भुसा ओढतो, पिसं ओढतो, नळाची बारीक धारही वाकवतो. लोहचुंबक लोखंड, निकेल, कोबाल्ट आणि त्यांचे काही मिश्रधातू एवढ्यांनाच ठळकपणे ओढतो. कंगव्याची ओढ ओलसर हवेत काही मिनिटांत मरते. लोहचुंबक पाण्यात बुडवला तरी तसाच राहतो. कंगवा आणि टाचण्या यांच्यात कागद धरला की कागदच ओढला जातो. लोहचुंबकाची ओढ कागदातून सरळ आरपार जाते.

सर्वात मोठा फरक मात्र तोडण्यात आहे. धन भार एका वस्तूवर आणि ऋण भार दुसरीवर असं वेगळं करता येतं, तसं केस आणि कंगव्याने केलंच. लोहचुंबकाचा मात्र उत्तर ध्रुव एका हातात नि दक्षिण ध्रुव दुसऱ्या हातात असं होत नाही. मधोमध तोडा, दोन पूर्ण लोहचुंबक मिळतात. पुन्हा तोडा, चार. सुटा ध्रुव आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही.

याचं कारण असं, की लोखंडातला जवळपास प्रत्येक अणूच एक चिमुकला लोहचुंबक असतो. शेजारशेजारचे लाखो-कोटी अणू एका दिशेला तोंड करून बसतात, त्यांची एकेक वाडी तयार होते. साध्या खिळ्यात या वाड्यांची तोंडं दहा दिशांना असतात, म्हणून बाहेर काही जाणवत नाही. लोहचुंबक जवळ आणला की त्याच्या दिशेच्या वाड्या वाढतात, बाकीच्या आक्रसतात, आणि खिळा तात्पुरता लोहचुंबक बनतो. पोलादी सुईवर एकाच दिशेने लोहचुंबक दहा-वीस वेळा फिरवला तर वाड्या तशाच अडकून राहतात. ती सुई थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवून परातीतल्या पाण्यावर सोडा, उत्तर-दक्षिण होऊन थांबेल. परात स्टीलची नको, प्लॅस्टिकची किंवा पितळेची घ्या. कोल्हापुरात ही सुई खऱ्या उत्तरेपासून जेमतेम अंश-दीड अंश बाजूला राहते, म्हणजे वहीवर दाखवताही येणार नाही इतकी.

उष्णतेने हे सगळं मोडतं. शुद्ध लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की अणूंची धडपड इतकी वाढते की वाड्या टिकत नाहीत. शिरोलीच्या फौंड्रीत साच्यातून नुकतंच काढलेलं लाल-पिवळं ओतकाम चुंबकाला दाद देत नाही. तेच थंड झाल्यावर चिकटतं.

७. गव्हाणीत पडलेला कोयता

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या गव्हाणीत दिवसरात्र ऊस पडत असतो. मोळ्यांच्या गर्दीत कधी कोयत्याचं पातं येतं, कधी ट्रॉलीचा बोल्ट, कधी साखळीची कडी. असा तुकडा रोलांपर्यंत गेला तर रोलाचे दाते जातात, गाळप थांबतं. म्हणून ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या वर जबर ताकदीचा लोहचुंबक टांगलेला असतो. ऊस, पाचट, माती खालून निघून जातात. लोखंड उडी मारून वर चिकटतं. गिल्बर्टने सांगितलेला फरक इथे कामाला येतो. कंगव्यासारखी ओढ असती तर तिने पाचटच आधी उचललं असतं. फौंड्रीतही साचे फोडल्यावर वाळूत राहिलेले लोखंडाचे कण याच तऱ्हेने वेगळे काढतात आणि वाळू पुन्हा वापरतात.

८. १८२० ची पुरवणी

डेन्मार्कमधल्या हान्स क्रिस्टियान ओर्स्टेड यांनी १८२० साली तारेतून वीज सोडली आणि जवळची होकायंत्राची सुई वळली. तार तांब्याची असली तरी हेच घडतं आणि तांब्याला लोहचुंबक ओढत नाही. म्हणजे सुई वळवणारी गोष्ट तार नव्हती, तिच्यातून वाहणारा भार होता.

पुरवणी एवढीच: भार स्थिर असेल तर तो कंगव्यासारखा ओढतो; तोच भार वाहू लागला की त्याभोवती चुंबकत्वही उभं राहतं. लोखंडाच्या अणूंचं चुंबकत्वही शेवटी इलेक्ट्रॉनांचंच, त्यांच्या फिरण्याचं आणि त्यांच्या अंगभूत भोवरेपणाचं. दोन ओढी वेगळ्या आहेत, पण त्यांचं मूळ एकाच घरात आहे.

या शोधाचा रोजचा उपयोग भंगार उचलणाऱ्या क्रेनवर दिसतो. लोखंडी गाभ्याभोवती तारेचे वेढे, प्रवाह सोडला की टनभर भंगार वर. प्रवाह तोडला की सगळं भट्टीच्या बादलीत खाली. साध्या लोहचुंबकाला पकडता येतं, सोडता येत नाही.

९. कातळाची आठवण

लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंचगंगेकाठच्या कोरड्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळे बारीक कण केसांसारखे उभे राहून चिकटतील. हे भंगाराचे कण नव्हेत. हे मॅग्नेटाइट वर्गाचं खनिज, आपल्या काळ्या दगडातून झिजून आलेलं. अंबाबाईच्या देवळाचा दगड, जोतिबाचा डोंगर, सह्याद्रीच्या कड्यांचे थर, सगळा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा म्हणून थरांवर थर पसरला. भूवैज्ञानिकांनी यातल्या वरच्या एका थरसमूहाला पन्हाळ्याचंच नाव दिलेलं आहे.

हजार अंशांहून तापलेल्या लाव्ह्यात चुंबकत्व नव्हतं. तो साधारण सहाशे अंशांच्या खाली उतरू लागला तसतशा त्यातल्या कणांच्या वाड्या त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेने तोंड करून बसल्या आणि गोठल्या. ही दिशा नुसती उत्तर-दक्षिण नसते, तिला कलही असतो. चुंबकीय विषुववृत्तावर टांगलेली सुई आडवी राहते, ध्रुवावर सरळ उभी; जितकं ध्रुवाकडे जावं तितका कल जास्त. म्हणजे दगडातला कल मोजला की तो दगड कुठल्या अक्षांशावर थंड झाला हे कळतं.

१९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या लंडनच्या संशोधकांनी दख्खनच्या दगडांची अशी मोजमापं प्रसिद्ध केली. कल आजच्या जागेशी मुळीच जुळत नव्हता. हा दगड दक्षिण गोलार्धात, विषुववृत्तापासून तीसेक अंशांवर गोठला होता. खंडं सरकतात हे तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हतं. भारताने हजारो किलोमीटर उत्तरेकडे प्रवास केला याची भक्कम साक्ष आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाने दिली. शिवाय सह्याद्रीच्या बऱ्याच थरांत उत्तर-दक्षिण आजच्या नेमकी उलट आहे, कारण पृथ्वीचं चुंबकत्व मधूनमधून पालटतं. अगदी अलीकडचा पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचा.

काही उघड्या कातळांवर होकायंत्र दर दोन पावलांना वेगळी दिशा दाखवू लागतं. अशा जागी कधीतरी वीज पडलेली असण्याचा संभव मोठा. हजारो अँपिअरचा प्रवाह दगडातून जाताना त्याने जुनी आठवण पुसून स्वतःची दिशा कोरलेली असते. दगडाचे नमुने घेणारे अशा जागा टाळतात.

१०. कुलाब्याच्या वह्या

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेवरच्या ट्रामचं ठरू लागलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत जाणार, आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व. कुलाब्याच्या नाजूक सुया त्याने बिथरणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे मालिका तुटू नये. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. अलिबागच्या इमारतीसाठी दगड कोकणातला चालणार नव्हता, कारण तो बेसाल्ट, स्वतःच लोहचुंबक. पोरबंदरहून चुंबकत्व नसलेला दगड आणला. ही मालिका आज भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. तिचं एक केंद्र कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे आणि ते वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करतं.

इतकी जपणूक कशासाठी, याचं उत्तर कुलाब्याच्याच जुन्या वह्यांत आहे. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि तिथून निघालेले भारित कण पृथ्वीवर येऊन आदळले. वाहते भार म्हणजे प्रवाह. पृथ्वीभोवती अवकाशात फिरलेल्या त्या प्रवाहाचं चुंबकत्व पृथ्वीच्या विरुद्ध दिशेचं होतं, म्हणून जमिनीवरची आडवी ओढ घटली. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, ठिणग्या उडाल्या. कुलाब्यात, जिथे ही आडवी ओढ एरवी चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकत्व मोजायचं एकक) आतबाहेर असते, तिथे ती सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना यांनी सहकाऱ्यांसह या नोंदी पुन्हा वाचल्या आणि त्यावरून त्या वादळाचा जोर ठरवला. आजच्या वीजवाहिन्या आणि उपग्रह एवढ्या मोठ्या वादळात टिकतील का, याचा हिशेब करताना अभियंते कुलाब्याचा हाच आकडा समोर धरतात.